शंकर लक्ष्मण फुटबॉलच खेळत राहिले असते तर?



इंदूरला चार जुनी माणसं पोहे-जिलबीसमोर बसली आणि विषय खेळाकडे वळला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अहो, त्या महूच्या शंकर लक्ष्मणनं हॉकीऐवजी क्रिकेट धरलं असतं ना, तर आज बंगला असता बंगला!" दुसरा म्हणतो, "क्रिकेट सोडा, तो मुळात फुटबॉलवाला. फुटबॉलच खेळला असता तर जास्त नाव झालं असतं." तिसरा नुसती मान हलवतो आणि चहा मागवतो. विषय तिथेच संपतो.

मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले. हिशेब अर्धवट ठेवून उठणं जमत नाही. म्हणून म्हटलं, हा जमाखर्च एकदा नीट मांडून बघू. आपल्या ग्रुपवर इंदूर-महूची मंडळी आहेत, बेळगावची आहेत, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, गोवा सगळीकडची आहेत. गंमत म्हणजे या हिशेबात प्रत्येकाच्या गावाची एखादी नोंद येतेच.

आधी नव्या पिढीसाठी ओळख करून देतो. शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ चा, महूचा. महू म्हणजे इंदूरजवळची लष्करी छावणी, बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव. नावावरून पुष्कळांना ते मराठी वाटतात, पण आडनाव शेखावत. तरीही आपलं त्यांच्याशी नातं आहेच. एक तर गाव माळव्यातलं. दुसरं, आणि जास्त घट्ट, म्हणजे पलटण. १९४७ साली चौदा वर्षांचा हा पोरगा फौजेच्या बँडमध्ये भरती झाला आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचा झाला. या रेजिमेंटचं केंद्र बेळगावला. त्यामुळे महूइतकाच हक्क बेळगावकरही सांगतात, आणि तो खराही आहे.

भरतीच्या आधी तो काय खेळायचा? फुटबॉल. महूजवळच्या कोदरिया गावात फुटबॉल चालायचा, तिथे त्याचे पाय तयार झाले. हॉकी आली ती फौजेत गेल्यावर. म्हणजे "दुसरा खेळ" हा प्रश्न त्याच्या बाबतीत हवेतला नाही. त्यानं खरोखरच एक खेळ सोडून दुसरा धरला होता.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. हॉकीत अकरा जण खेळतात. त्यातल्या दहांना चेंडूला पाय लागला की दंड. एकट्या गोलरक्षकाला आपल्या डी मध्ये पायानं चेंडू मारायची मुभा. मग फुटबॉलमध्ये पाय तयार झालेल्या मुलाला हॉकीत जागा कुठे मिळणार? जिथे पाय चालतो तिथेच. त्याच्या फुटबॉलची अशी सगळी जमा नव्या खात्यात वळती झाली, एक पैसाही बुडला नाही.

आणि ती जागा सोपी नव्हती. आजचा हॉकीचा गोलकीपर पाहिलात तर डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घातलेला योद्धा वाटतो. त्या काळी पायाला पॅड, बूट, हातमोजे, बस्स. तोंडावर काही नाही, डोक्यावर काही नाही. चेंडू क्रिकेटच्या चेंडूसारखाच कडक, साधारण १६० ग्रॅमचा. समोरून पेनल्टी कॉर्नरचा फटका यायचा तो थेट अंगावर.

आता त्याचं खातं उघडू.

१९५६, मेलबर्न ऑलिंपिक. भारतानं अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६, सिंगापूरवर ६ गोल केले, उपांत्य सामन्यात जर्मनीला १-० नं आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानलाही १-० नं हरवलं. एकूण ३८ गोल केले, खाल्ला एकही नाही. सुवर्णपदक.

१९६०, रोम. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान. सुरुवातीलाच नसीर बुंदाचा गोल झाला आणि आपण ०-१ नं हरलो. १९२८ पासून चालत आलेली सुवर्णाची परंपरा तुटली. रौप्यपदक.

१९६४, टोकियो. पुन्हा पाकिस्तान. पृथीपाल सिंगचा फटका गोलरेषेवर मुनीर दारच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदर लालनं तो गोलमध्ये घातला. त्यानंतर पाकिस्ताननं जे हल्ले चढवले, ते सगळे एकट्या शंकरच्या अंगावर आले. त्यानं एकही आत जाऊ दिला नाही. एका ऑस्ट्रेलियन हॉकी नियतकालिकानं तेव्हा अशा अर्थाचं लिहिलं होतं, की त्या दिवशी शंकर लक्ष्मणला हॉकीचा चेंडू फुटबॉलएवढा दिसत असावा. लिहिणाऱ्याला कोदरियाचं मैदान माहीत असेल-नसेल, पण नेम बरोबर लागला होता!

त्याच संघात बंडू पाटीलही होते, ज्यांचं नाव बेळगावात आजही आदरानं घेतलं जातं. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. रेडिओवर बातमी लागली आणि आमच्या वाड्यात पेढे वाटले गेले. क्रिकेटसाठी पेढे वाटायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे लागणार आहे.

बेरीज करा. तीन ऑलिंपिक अंतिम सामने, तिन्ही वेळा समोर पाकिस्तान, प्रत्येक सामना ७० मिनिटांचा. म्हणजे २१० मिनिटं. त्यात खाल्लेले गोल, एक. जगातल्या कुठल्याही खेळातल्या कुठल्याही गोलरक्षकाचं पासबुक यापुढे ठेवून बघा.

१९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो कर्णधार होता. गोलकीपरला कर्णधार करणं ही तेव्हा नवलाची गोष्ट. अंतिम सामन्यात पुन्हा पाकिस्तान, जादा वेळेत बलबीर सिंगचा गोल, १-० नं विजय आणि आशियाई स्पर्धेतलं भारतीय हॉकीचं पहिलं सुवर्ण. १९६४ साली अर्जुन पुरस्कार, १९६७ साली पद्मश्री. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या संघात मात्र त्याला घेतलं नाही आणि त्यानं हॉकीची काठी खाली ठेवली. त्या वर्षी आपण कांस्यपदकावर आलो. फौजेतून तो १९७९ मध्ये मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झाला.

हे झालं प्रत्यक्ष खातं. आता "असतं तर" ची दोन खाती.

पहिलं फुटबॉलचं. १९५६ ते १९६२ हा भारतीय फुटबॉलचा सोन्याचा काळ. त्याचे शिल्पकार हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्यावर २०२४ मध्ये 'मैदान' सिनेमा आला. म्हणजे शंकर फुटबॉलमध्ये राहिला असता तर काळ वाईट नव्हता. पण गोलपोस्टमध्ये कोण उभं होतं? पीटर थंगराज. हाही हैदराबादचा, हाही फौजी, मद्रास रेजिमेंटल सेंटरचा, उंचापुरा. १९५८ साली आशियातला सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेला. १९६२ साली जकार्तात कोरियाला २-१ नं हरवून आपण आशियाई सुवर्ण जिंकलं तेव्हा गोलमध्ये तोच होता. फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, हॉकीचा १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच. दुप्पट रुंदीची जागा राखायला उंची आणि लांब हात लागतात, तर अरुंद जागेत अंगावर येणारा वेग झेलायला विजेची नजर आणि चपळ पाय. शंकरचं भांडवल दुसऱ्या प्रकारचं होतं. थंगराजला बाजूला सारून तो उभा राहिला असता का? मला तरी अवघड वाटतं. गोल सोडून दुसऱ्या जागेवर खेळला असता म्हणाल, तर त्या संघात पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग असे एकेक होते.

समजा जागा मिळाली असती. मग प्रसिद्धी? गोव्याच्या मंडळींना एक प्रश्न विचारतो. नेव्हिल डिसोझा हे नाव घरातल्या मुलांना विचारा. गोव्यात आसगावला जन्मलेला हा खेळाडू. ज्या मेलबर्नला शंकरनं सुवर्ण जिंकलं, त्याच मेलबर्नला, त्याच १९५६ सालच्या डिसेंबर महिन्यात, नेव्हिलनं यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका सामन्यात तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आपण ४-२ नं जिंकलो आणि शेवटी चौथे आलो. भारतीय फुटबॉल इतका वर पुन्हा कधी गेला नाही. आता सांगा, दहा घरांत विचारलं तर किती घरांत उत्तर येईल? फुटबॉलचं खातं इथेच बंद करतो. शंकरला तिथे जास्त नाव मिळालं असतं असं कागद सांगत नाहीत.

दुसरं खातं क्रिकेटचं. इथे इंदूरवाल्यांची छाती फुगते आणि फुगायलाच हवी. होळकर संघ! कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३, चार वेळा रणजी करंडक इंदूरला आला. पण तारखा बघा. शंकर १९४७ मध्ये बँडमध्ये भरती झाला, आणि १९५४-५५ नंतर होळकर संघच राहिला नाही. संस्थानं गेली, आश्रय गेला, संघ गेला. तो बावीस वर्षांचा होईतो ते दुकान बंद झालं होतं. आणि चालू असतं तरी कोदरियातल्या फुटबॉलवाल्या पोराच्या हातात बॅट कुणी दिली असती? बॅट, पॅड, नेट, प्रशिक्षक हे सगळं दरबार किंवा क्लबच्या आधारानं मिळायचं. फुटबॉलला एक चेंडू आणि वीस पोरं पुरतात.

फौजेतून क्रिकेट? तोही रस्ता होता. सेनादलाचा संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ असे लागोपाठ दोन वेळा रणजीच्या अंतिम फेरीत गेला, दुसऱ्या वेळी बडोद्यानं त्याला हरवलं. त्या संघातले हेमू अधिकारी भारताचे कर्णधारही झाले. पण अधिकारी फौजेत येण्याआधीच बडोद्याकडून खेळलेले, तयार क्रिकेटपटू होते. फौजेनं त्यांना क्रिकेट शिकवलं नाही. शंकरला मात्र हॉकी फौजेनंच दिली.

आणि क्रिकेटमध्ये गुण असले की नाव होतंच, असंही नाही. निंबाळकरांचंच बघा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला होता, तेवढ्यात काठियावाडच्या कर्णधारानं सामना सोडून दिला. एवढी खेळी करणारा माणूस भारतासाठी एकही अधिकृत कसोटी खेळला नाही.

पैशाचं म्हणाल, तर १९८३ साली विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पुरेसे पैसे नव्हते. आपल्या इंदूरला जन्मलेल्या लताबाईंनी दिल्लीला गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा कुठे प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाला. म्हणजे "क्रिकेट खेळला असता तर बंगला असता" हे जे आपण म्हणतो, ते आजच्या क्रिकेटचा भाव १९५६ सालच्या खात्यात लिहिणं झालं. कुठलाही ऑडिटर ते पास करणार नाही!

मग चुकलं कुठे? मला वाटतं, शंकर लक्ष्मणनं खेळ चुकीचा निवडला नव्हता. आपण प्रेक्षकांनी नंतर खेळ बदलला. त्याची कारणंही आहेत. १९७५ साली आपण हॉकीचा विश्वचषक जिंकलो, पण पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकला कृत्रिम मैदान आलं आणि आपण सातवे आलो. गवतावर वाढलेली आपली हॉकी त्या गालिच्यावर घसरली. तशी मैदानं घालायला लागणारा पैसा आपल्याकडे नव्हता. मग १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, आणि त्या टीव्हीवर देशानं पाहिलं काय? हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १-७ नं हार. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, २५ जून १९८३ ला, लॉर्ड्सवर कपिल देवच्या हातात विश्वचषक. घराघरांत डबा आला त्याच सुमारास एक खेळ पडताना दिसला आणि दुसरा चढताना. पुढचं सगळं जाहिरातदारांनी बघून घेतलं.

शंकरचं सगळं कर्तृत्व त्या डब्याच्या आधीचं. त्याचे बचाव रेडिओनं ऐकवले, वर्तमानपत्रांनी छापले. पुन्हा पुन्हा दाखवायला हाताशी चित्रफीत नाही, तर नातवंडांना दाखवणार काय?

ग्वाल्हेरकरांना हे जास्त कळेल. तुमचं कॅप्टन रूपसिंग स्टेडियम. रूपसिंग म्हणजे ध्यानचंदांचे भाऊ, १९३२ आणि १९३६ च्या सुवर्ण संघातले, शिंद्यांच्या फौजेत नोकरी केलेले. ते मैदान मुळात हॉकीचं. पुढे तिथे क्रिकेट आलं आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिननं त्याच मैदानावर एकदिवसीय क्रिकेटमध्ये पुरुषांचं पहिलं द्विशतक ठोकलं. जगभर नाव गेलं रूपसिंग स्टेडियमचं. पण रूपसिंग कोण, हे त्या दिवशी किती जणांनी विचारलं? सचिनचा त्यात काही दोष नाही, आम्हीही टीव्हीसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्याच. एवढंच, की पाटीवर नाव असलं तरी आठवण राहतेच असं नाही.

आता शेवटची नोंद, आणि ती लिहिताना बरं वाटत नाही. निवृत्तीनंतर शंकर लक्ष्मण महूलाच राहिले. शेवटी पायाला गँगरीन झालं. ज्या पायांनी तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत पाकिस्तानचे फटके अडवले, तेच पाय. २९ एप्रिल २००६ रोजी ते गेले. उपचारांसाठी वेळेवर हवी तशी मदत मिळाली नाही, ही खंत तेव्हा वर्तमानपत्रांतूनही आली होती. त्यांना निरोप मिळाला तो फौजी इतमामानं. पलटण विसरली नाही.

"जास्त प्रसिद्धी मिळाली असती का" या प्रश्नामागे खरी बोच हीच आहे, हे हिशेब करता करता माझ्या लक्षात आलं. पोह्यांसमोर बसलेला माणूस "क्रिकेट खेळला असता तर" म्हणतो, तेव्हा त्याला प्रसिद्धीचं दुःख नसतं. तीन ऑलिंपिक पदकं मिळवलेल्या आपल्या गावच्या माणसाला म्हातारपणी औषधपाण्याची ददात पडावी, याचं असतं. पण मग आपण दोष खेळाडूच्या निवडीवर टाकून मोकळे होतो. "त्यानं दुसरा खेळ धरायला हवा होता" म्हटलं की आपल्याकडे काही बाकी राहत नाही. हे मला पटत नाही. त्याच्या बाजूचं खातं चोख आहे. येणं बाकी आहे ते आपल्याकडून.

म्हणून माझा निकाल असा. फुटबॉलमध्ये त्यांना थंगराजच्या सावलीत राहावं लागलं असतं. क्रिकेटचा दरवाजा त्यांच्या वयाच्या आणि परिस्थितीच्या मुलाला जवळजवळ बंदच होता. हॉकीच्या गोलमध्ये मात्र, पाय चालतात अशा त्या एकाच जागेवर, ते जगात पहिल्या नंबरला पोहोचले. माणसाला आपली नेमकी जागा सापडणं ही आयुष्यातली मोठी मिळकत. प्रसिद्धी ही त्यावरचं व्याज, आणि व्याजाचे दर काही आपल्या हातात नसतात.

आता तुमच्याकडे वळतो. बेळगावच्या मंडळींपैकी कुणाच्या घरात मराठा लाइट इन्फन्ट्रीत नोकरी केलेले काका-आजोबा असतील, महूच्या मैदानावर कुणी त्यांना मुलांना शिकवताना पाहिलं असेल, कुणाकडे १९६४ किंवा १९६६ चं वर्तमानपत्राचं कात्रण कपाटात पडलं असेल, तर कृपया खाली लिहा, फोटो टाका. साल आणि गाव आठवत असेल तर तेही लिहा, म्हणजे नोंद पक्की होते. आणि या रविवारी नातवंडं क्रिकेटचा सामना बघत असतील, तर मधल्या जाहिरातीत त्यांना एवढंच सांगा, की आपल्या महूचा एक गोलकीपर होता, त्यानं तीन ऑलिंपिक फायनलमध्ये मिळून फक्त एक गोल खाल्ला. मुलं आकडे लक्षात ठेवतात. नाव मग आपोआप विचारतील.